फिक्स्ड सायकलचा मागचा कॉग सुटू नये म्हणून

साध्या सायकलवर पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं आणि फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू येते. फिक्स्ड गियरच्या सायकलला ही टिकटिक नाही, कारण तिला फ्रीव्हीलच नाही. मागच्या चाकाच्या हबवर, म्हणजे तारा जिथे येऊन मिळतात त्या मधल्या भागावर, दात्यांची एकच चकती असते, तिला कॉग म्हणतात, आणि ती थेट आट्यांवर घट्ट बसवलेली असते. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. पेडल पायाने अडवलं की चाकही अडतं. वेलोड्रोमवर, म्हणजे वळणावर तिरक्या उचललेल्या लंबगोल ट्रॅकवर, धावणाऱ्या सायकली अशाच असतात. त्यांना ब्रेकसुद्धा नसतात.

गोव्यात वेलोड्रोम नाही. २०२३ साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या तेव्हा ट्रॅक सायकलिंगच्या शर्यती दिल्लीला घ्याव्या लागल्या होत्या. तरीही पणजी, म्हापसा, मडगावकडे सकाळच्या सायकलवाल्यांत एखादी फिक्स्ड आता दिसते, आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो. पणजी-रायबंदरचा जुना कॉजवे, १६३३-३४ साली पोर्तुगीजांनी बांधलेला, तीन किलोमीटरांहून थोडा लांब आणि पूर्ण सपाट, तिथे सकाळी रहदारी सुरू होण्याआधी फिक्स्ड चालवण्यात जे सुख आहे ते गियरवाल्या सायकलवर मिळत नाही. पण ही सायकल घेणारी बहुतेक मुलं एक गोष्ट समजून घेत नाहीत. मागचा कॉग कशाच्या जोरावर जागेवर राहतो, आणि कधी राहत नाही. जे पायाने चाक अडवून वेग कमी करतात त्यांचा जीव त्या आट्यांवर असतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

एका हबवर दोन प्रकारचे आटे

मागचं चाक काढून हबची उजवी बाजू नीट बघा. अस्सल ट्रॅक हबवर आट्यांच्या दोन पायऱ्या दिसतील. आतली पायरी मोठी, १.३७ इंच व्यासाची. बाहेरची थोडी लहान, १.२९ इंचाची. दोन्हींवर इंचाला २४ आटे. मोठ्या पायरीचे आटे नेहमीसारखे, उजवीकडे फिरवलं की घट्ट होणारे. लहान पायरीचे उलटे, डावीकडे फिरवलं की घट्ट होणारे. मोठ्या पायरीवर कॉग बसतो, लहान पायरीवर लॉकरिंग नावाची खाचा असलेली पातळ कडी.

सायकलच्या उजव्या बाजूला उभे राहून पाहिलं तर पुढे जाताना चाक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं. चेन कॉगला त्याच दिशेने ओढते. म्हणजे तुम्ही पेडल मारता तेव्हा प्रत्येक ताकदीच्या फेऱ्यात कॉग हबवर आणखी घट्ट आवळला जातो. इथवर सगळं आपल्या बाजूचं आहे. अडचण येते ती पाय मागे रोखताना. तेव्हा चाकाला पुढे जायचं असतं आणि चेन कॉगला मागे धरून ठेवते, त्यामुळे कॉगवर सुटण्याच्या दिशेने टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, येतो.

लॉकरिंगचे उलटे आटे इथे कामाला येतात. कॉग डावीकडे फिरून सुटायला गेला की त्याला चिकटून बसलेली लॉकरिंगही घर्षणाने डावीकडे ओढली जाते. पण डावीकडे फिरणं म्हणजे तिच्यासाठी घट्ट होणं. कॉग बाहेर यायला बघतो, लॉकरिंग आत दाबते, आणि दोघं एकमेकांना अडकवून टाकतात. प्रत्येक सायकलच्या डाव्या पेडललाही याच कारणाने उलटे आटे असतात, चालवताना ते आपोआप सैल होऊ नये म्हणून. जपानमध्ये १९४८ पासून चालत आलेली केइरिन ही शर्यत अशाच फिक्स्ड, बिनब्रेकच्या सायकलींवर धावते. रचना जुनी आहे आणि चांगली आहे. बिघडते ती बसवण्यात.

कॉगला धरतं कोण?

बहुतेकांची समजूत असते की लॉकरिंग कॉगला धरून ठेवते. मी म्हणेन, कॉगला धरतो तो त्याला आवळताना लावलेला जोर. लॉकरिंग फक्त राखण करते. हा फरक समजला की पुढची सगळी कृती आपोआप समजते.

थोडा हिशेब करू. ७० किलोचा माणूस १६५ मिलिमीटरच्या क्रँकवर, म्हणजे पेडलच्या दांड्यावर, सगळा भार देऊन उभा राहिला तर क्रँकवर साधारण ११३ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. पुढे ४८ दाते आणि मागे १६ असतील तर कॉगपर्यंत त्याचा एक तृतीयांश पोचतो, म्हणजे सुमारे ३८. आता तोच माणूस शरीर पुढे झुकवून मागचं चाक घसरवतो, ज्याला स्किड म्हणतात. मागच्या चाकावर २० किलो भार उरला आणि कोरड्या डांबरावर टायरची पकड चांगली असली तर कॉगवर उलट्या दिशेने ४० च्या वर टॉर्क येऊ शकतो, आणि तो झटक्याने येतो. आट्यांवर बसवलेली वस्तू सोडवायला, आवळताना लागला त्याहून थोडा कमी टॉर्क पुरतो. म्हणजे ज्याने कॉग हाताने फिरवून लावला आणि बाकीचं चालवताना होईल म्हणून सोडून दिलं, त्याचा कॉग पहिल्याच जोरदार स्किडला हलू शकतो.

मग लॉकरिंग अडवेल ना? अडवेल, पण ती कॉगला टेकलेली असेल तरच. इंचाला २४ आटे म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात कॉग फक्त १.०६ मिलिमीटर आत सरकतो. समजा तुम्ही कॉग जेमतेम आवळला, त्यावर लॉकरिंग घट्ट केली आणि चढ चढायला गेलात. पायाच्या जोराने कॉग आणखी १० अंश फिरला, तर तो ०.०३ मिलिमीटर आत गेला. तेवढ्यानं लॉकरिंगवरचा दाब निघून जातो. डोळ्यांना काहीच दिसत नाही, बोटाने हलवून पाहिलं तरी कळत नाही. आता पाय मागे रोखला की कॉग तेवढा मागे येतो आणि लॉकरिंगवर आदळतो. पुढच्या वेळी पुन्हा. हबचे आटे बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे असतात आणि कॉग पोलादाचा. अशा आदळण्यात हार कुणाची होणार ते उघड आहे. हबवरचे लॉकरिंगचे आटे एकदा गेले की कॉग मोकळा होतो. पेडल मागे नुसतंच फिरतं, चाक थांबत नाही आणि चेनही उतरू शकते. उतारावर हे झालं आणि पुढे ब्रेक नसेल तर हातात काहीच उरत नाही.

म्हणून क्रम पक्का ठेवायचा. आधी कॉग जमेल तितका घट्ट, मग लॉकरिंग, मग चढावर जोर देऊन चालवणं, मग पुन्हा लॉकरिंग. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची.

बसवताना

हबचे आटे आधी स्वच्छ करा. जुना दात घासायचा ब्रश आणि थोडं डिझेल पुरतं. मग कोरड्या फडक्याने पुसा आणि नख आट्यांवरून आडवं फिरवा. जिथे नख अडकतं किंवा आटा चपटा लागतो तिथे उजेडात नीट पाहा. नव्या हबमध्येही कधी धातूचा बारीक कीस अडकलेला असतो.

मग दोन्ही पायऱ्यांवर पातळ ग्रीस लावा. ग्रीसने कॉग घसरून सुटेल अशी भीती अनेकांना वाटते. उलट कोरडे आटे आवळताना लावलेला बराच जोर घर्षणातच संपवतात. कॉग घट्ट बसल्यासारखा वाटतो पण हबच्या खांद्याला, म्हणजे आट्यांच्या आतल्या टोकाच्या कडेला, पुरेसा टेकलेला नसतो. गोव्यात ग्रीसचं दुसरंही कारण आहे, त्याकडे पुढे येतो.

कॉग आट्यांवर ठेवून आधी हलकेच डावीकडे, म्हणजे उलटा फिरवा. एका जागी 'टक्' असा अगदी बारीक धक्का बोटांना जाणवेल. आट्याचं तोंड आट्यात उतरल्याची ती खूण. तिथून उजवीकडे फिरवायला सुरुवात करा. पहिले दोन-तीन फेरे फक्त बोटांनी झाले पाहिजेत. लोणच्याच्या बरणीचं झाकण तिरकं लागलं की कसं मध्येच अडतं, तसं अडलं तर पाना लावून पुढे ढकलू नका. मागे घ्या आणि पुन्हा सुरुवात करा. तिरका चढलेला कॉग हबचे आटे खाऊन टाकतो.

खांद्याला टेकला की चेन व्हिप घ्या, म्हणजे एका टोकाला चेनचा तुकडा असलेला दांडा. चाक भिंतीला टेकवून उभं धरा, चेनचा तुकडा कॉगवर गुंडाळा आणि दांडा उजवीकडे दाबा. ३० सेंटीमीटरच्या दांड्याच्या टोकाला साधारण १३ किलोचा जोर म्हणजे वर काढलेले ३८ न्यूटन-मीटर. मी त्याहून जास्त लावायला सांगेन. शरीराचा भार देऊन दाबलं की कॉग आणखी थोडा फिरतो, पुन्हा दाबलं की अगदी किंचित, आणि मग हलत नाही. तोवर थांबायचं नाही.

आता लॉकरिंग. डावीकडे फिरवत हाताने बसवा, मग हुकाच्या पान्याने आवळा. पान्याचा हुक खाचेत पूर्ण उतरला पाहिजे, नाहीतर तो निसटतो आणि खाच गोल होते. छिन्नी-हातोडीने ठोकून लॉकरिंग लावलेली मी नको तितक्या चाकांवर पाहिली आहे. अशा कडीच्या खाचा फाटलेल्या असतात, आणि ती किती घट्ट झाली आहे याचा हाताला अंदाजच येत नाही. गावातल्या मिस्त्रीकडे चाक नेलंत तर आधीच सांगा, ‘दादा, बाहेरच्या कडीला उलटे आटे आहेत, घट्ट करायला डावीकडे फिरवायचं.’ चांगला मिस्त्री एका वाक्यात समजतो, कारण डाव्या पेडलला त्याने आयुष्यभर हेच केलेलं असतं. न सांगितलं तर सवयीचा हात उजवीकडे जातो.

एक छोटी युक्ती मी प्रत्येकाला सांगतो. सगळं आवळून झाल्यावर कॉग, लॉकरिंग आणि हब या तिघांवरून जाणारी एक सरळ रेघ नेलपॉलिशने ओढून ठेवा. नंतर कधीही वाकून पाहिलं की रेघ जुळते का ते दिसतं. ०.०३ मिलिमीटर डोळ्याला दिसत नाहीत, पण १० अंशांनी सरकलेली रेघ लगेच दिसते.

पहिल्यांदा चालवताना ब्रेक असलेल्या सायकलवरच जा आणि पाय मागे रोखू नका. पणजीत आल्तिनोचा चढ यासाठी उत्तम. खालून सुरू करून उभं राहून चार-सहा वेळा सगळा जोर द्या. मग घरी येऊन रेघ पाहा. कॉगवरची रेघ पुढे सरकलेली असेल तर चढाने आपलं काम केलं असं समजा, आणि लॉकरिंग पुन्हा आवळून नवी रेघ ओढा. पुढच्या काही फेऱ्यांनंतर परत एकदा. रेघ सरकायची थांबली की मगच पायाने चाक अडवायला सुरुवात करा.

काही लोक चेन व्हिपऐवजी फ्रेमच वापरतात. सायकल उलटी करायची, बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलांचा आस जिच्यातून जातो त्या नळीला जाड फडकं गुंडाळायचं, चेन पुढच्या चकतीवरून काढून त्या नळीभोवती अडकवायची आणि चाकच हाताने मागच्या दिशेने फिरवायचं. चेनने कॉग धरून ठेवलेला असतो, त्यामुळे चाक मागे फिरवलं की कॉग आवळतो, पुढे फिरवलं की सुटतो. चाकाच्या परिघाचा मोठा दांडा मिळाल्यामुळे जोर प्रचंड लागतो. पोलादी फ्रेमवर हे चालतं. कार्बन किंवा पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर करू नका. आणि स्वस्त हबवर अंगातला सगळा जोर लावलात तर आटेच जातील.

विकत घेताना फसायच्या जागा

आपल्याकडे फिक्स्ड सायकल बहुधा जुन्या सायकलमध्ये बदल करून बनते, आणि सगळ्यात मोठा धोका तिथे आहे. साध्या सायकलच्या हबवर फ्रीव्हीलसाठीचे आटेही १.३७ इंच, २४ चेच असतात. त्यामुळे फिक्स्ड कॉग त्यावर छान चढतो. पण बाहेरची लहान उलटी पायरी तिथे नसते, म्हणजे लॉकरिंगला जागाच नाही. मग कुणीतरी बॉटम ब्रॅकेटची कडी त्याच आट्यांवर लावून देतं. ती कडीही उजवीकडेच घट्ट होणारी. कॉग सुटायला लागला की तीही त्याच्याबरोबर सुटते. दोन्ही ब्रेक असले तरी मी असा हब वापरणार नाही. आटे पक्के करणारा गोंद लावला तरी हे दुखणं जात नाही, कारण चूक रचनेत आहे. आणि अस्सल ट्रॅक हबला त्या गोंदाची गरजच नसते. जोरकस प्रकारचा लावलात तर पुढे कॉग काढायला चक्क गरम करावं लागतं.

दुसरी फसगत लॉकरिंगच्या मापाची. इटालियन कॅम्पाग्नोलो पद्धतीच्या हबवर लॉकरिंग १.३२ इंचाची असते आणि जुन्या फ्रेंच हबवर ३३ मिलिमीटरची. १.३२ ची कडी १.२९ च्या हबवर घातली तर ती चढते, वरवर पकडल्यासारखीही वाटते, पण आटे एकमेकांत पुरेसे शिरलेलेच नसतात. कडी हाताने फिरवताना डुगडुगत असेल तर ती त्या हबची नाही. शक्य असेल तर कॉग आणि लॉकरिंग हबच्याच मापानुसार एकत्र घ्या.

आट्यांची भानगडच नको असेल तर डिस्क ब्रेकच्या सहा बोल्टांच्या जागी बसणारे कॉगही मिळतात. बोल्ट एमफाइव्हचे, म्हणजे ५ मिलिमीटर जाडीचे, ४४ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. त्यात सुटण्याचा प्रश्न जवळपास मिटतो, पण चेन पुढच्या चकतीशी सरळ रेषेत येते का ते आधी मोजून घ्यावं लागतं.

सुटायला लागलाय हे कसं कळतं

पुढे जोर देऊन लगेच मागे रोखताना 'कट्' असा आवाज येतो आणि पेडल क्षणभर मोकळं जाऊन मग पकडतं. सैल चेनमुळेही असं वाटू शकतं, म्हणून उतरून चेन बोटाने वर-खाली करून पाहा. चेनला नेहमीइतकाच ढील असेल तर मागचं चाक घट्ट धरून पेडल पुढे-मागे हलवा आणि नेलपॉलिशची रेघ बघा. कॉगवरची रेघ हबवरच्या रेघेपासून हलताना दिसली तर सायकल तिथेच थांबवा. 'घरापर्यंत तर जाऊ' म्हणून तसेच पाय अडवत पुढे गेलात तर प्रत्येक धक्क्याला हबचे आटे थोडे थोडे जातील. ढकलत न्या, किंवा पुढच्या ब्रेकच्या भरवशावर पाय न अडवता हळू जा. आणि पुढचा ब्रेक तर असायलाच हवा. रस्त्यावरच्या फिक्स्डला पुढचा ब्रेक नको म्हणणाऱ्यांशी मी कधीच सहमत होणार नाही. इथे वळणावर गाय बसलेली असते आणि उताराच्या तोंडाशी बस.

खारी हवा आणि पाऊस

मिरामार-करंझाळेच्या वाऱ्यात मीठ असतं, आणि पावसाळ्यात पणजीला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. पोलादी कॉग, अ‍ॅल्युमिनियमचा हब आणि मधे खारं पाणी, असे तिघं एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि आट्यांत पांढरी भुकटी धरते. कोरडा बसवलेला कॉग एका पावसाळ्यात असा चिकटतो की काढताना हबच फाटतो. ग्रीस पाण्याला आत शिरू देत नाही. म्हणून मे महिन्यात पाऊस लागायच्या आधी एकदा आणि चवथीनंतर पाऊस ओसरला की एकदा, कॉग पूर्ण काढून साफ करून पुन्हा बसवावा.

काढताना दिशा उलट. लॉकरिंग उजवीकडे फिरवून सोडायची, मग कॉग चेन व्हिपने डावीकडे. लॉकरिंग आधी न काढता कॉगवर जोर लावलात तर तुम्ही त्या दोघांना एकमेकांत आणखी अडकवता आणि शेवटी हबचे आटे सोलता. कॉग सहज हलला नाही तर आट्यांत तेल सोडून रात्रभर ठेवा. बाहेर आल्यावर लॉकरिंगची आतली बाजू बोटाने पुसून पाहा. बोटाला काळं ग्रीस लागलं तर ठीक. चमकणारा रुपेरी कीस लागला तर हबचे उलटे आटे झिजायला लागले आहेत, आणि त्या हबवर पायाने चाक अडवणं तिथेच थांबवायचं. मिस्त्रीकडे जाऊन त्याच रिमवर नवा ट्रॅक हब तारांनी बांधून घ्या. जुना कॉग आणि लॉकरिंग चांगल्या असतील तर नव्या हबवर चालतात, फक्त लॉकरिंगचं माप तेच आहे ना, हे बांधायला देण्याआधी बघून घ्या.